पहिल्या मानाचं डोमेन

आम्रपाली मॅडमची मेल इंग्रजीत आणि अतिशय सभ्य होती. तरी ओंकारला तिचा मराठी अर्थ पहिल्याच वाचनात लागला: तुमची कंपनी खरी आहे, की मंगल कार्यालयातली एक खोली?

चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात नवे पुरवठादार तपासून घेण्याचं काम या मॅडमकडे होतं. त्यांनी लिहिलं होतं की, ‘बन्सी इंजिनिअरिंग’ या नावाचा शोध घेतला असता तुमची वेबसाइट ‘दादासाहेब लॉन्स’ या मंगल कार्यालयाच्या पत्त्याच्या आत सापडते. त्या पत्त्याचं शेपूट खोडून पाहिलं तर मांडवाचे आणि जेवणाच्या पंगतींचे फोटो येतात. तिथल्या नंबरवर फोन केला असता, ही कंपनी आपलीच असल्याचं एका गृहस्थांनी सांगितलं. तरी दोन्ही संस्थांचा परस्परसंबंध शुक्रवारपर्यंत लेखी कळवावा.

मेल आली होती प्राजक्ताला. तिने ती ओंकारला पुढे पाठवली आणि वर एकच ओळ लिहिली: ‘हे गृहस्थ कोण?’

गृहस्थ कोण हे ओंकारला शोधावं लागलं नाही. ते त्याचे थोरले चुलते होते.

ओंकार स्वतःची ओळख वेब डेव्हलपर अशी करून देत असे. चऱ्होलीत घरचे लोक मात्र विचारणाऱ्याला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करतो’ असं सांगत. त्या सकाळी त्याला घरच्यांचं वर्णन जास्त अचूक वाटलं.

झालं होतं असं. धंदा सुरू करताना त्याने होस्टिंगचं खातं उघडलं, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर साइट ठेवायला जागा भाड्याने घेतली. तेव्हा फॉर्मने विचारलं, मुख्य डोमेन कोणतं? डोमेन म्हणजे साइटचं नाव, लोक टाइप करतात तो पत्ता. तिथे कुणीही शहाणा माणूस आपल्या धंद्याचं नाव टाकून पुढे गेला असता. पण ओंकार वाढला त्या घरात लग्नपत्रिकेवर पहिलं नाव कुणाचं छापायचं यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं होतं. ‘मुख्य’ हा शब्द दिसला की त्या घरातल्या माणसाचं बोट आपोआप थोरल्याकडे वळतं. कॉम्प्युटरसमोर एकटा बसलेला असूनही ओंकारचं वळलं. मुख्य डोमेन, दादासाहेब लॉन्स. खातेदार, दादासाहेब. मोबाइल नंबर, दादासाहेबांचा. फॉर्म भरून झाल्यावर त्याला स्वतःच्या संस्कारांचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

पुढे गिऱ्हाइकं येत गेली. कुणाचा मसाल्याचा कारखाना, कुणाची नर्सरी, कुणाचं ड्रायव्हिंग स्कूल. प्रत्येकाने आपापलं नाव घेतलं आणि ओंकारने प्रत्येकाची साइट, म्हणजे पानं आणि फोटोंनी भरलेलं एकेक फोल्डर, त्याच खात्यात ठेवली. तीही दादासाहेबांच्या साइटच्या फोल्डरच्या आत. कारण फोल्डर कुठे ठेवायचं हे विचारताना सिस्टिम आपणहून तीच जागा सुचवत होती आणि ओंकारला सिस्टिमशी वाद घालायची सवय नव्हती. चुलत्यांशीही नव्हती.

त्याने प्राजक्ताला फोन केला. दोघं पॉलिटेक्निकला एका वर्गात होती, त्यामुळे तिच्याशी इंग्रजी शब्दांच्या आड लपून बोलायची सोय नव्हती.

“ओंक्या, मला एकेक सांग,” ती म्हणाली. मागे मशीनचा आवाज येत होता. “नाव कुणाचं?”

“तुझं. बन्सी इंजिनिअरिंग डॉट कॉम तू स्वतः विकत घेतलंस. त्याचं लॉगिन तुझ्याकडेच आहे.”

“खातं कुणाचं?”

“काकांचं.”

“आणि फोल्डर?”

“फोल्डर मी बनवलं. आहे काकांच्या खात्यात.”

“म्हणजे पाटी माझी, प्लॉट तुझ्या काकांचा आणि खोली बांधली तू.”

“बरोबर. आणि त्यात तसं काही वाकडं नाही, सगळे असंच करतात. फक्त...”

“फक्त काय?”

“खोली प्लॉटच्या मोकळ्या जागेत बांधायला हवी होती. ती काकांच्या घराच्या आत बांधली गेली. त्यामुळे तुझी पाटी बघून आलेला माणूस नीट तुझ्याकडे येतो. पण काकांच्या दारातून शिरलेल्यालाही आतून तुझी खोली उघडी आहे.”

“मग मोकळ्या जागेत का नाही बांधलीस?”

गिऱ्हाइकांसाठी याचं एक उत्तर त्याने तयार ठेवलेलं होतं, त्यात सर्व्हर हा शब्द चारदा येत असे. पण ही बाई ड्रॉइंगच्या तासाला त्याच्या शेजारी उभी राहिलेली होती आणि त्याची वर्तुळं किती गोल येतात ते तिने पाहिलेलं होतं.

“चुकलं,” तो म्हणाला.

“दुरुस्त व्हायला किती वेळ?”

“चहा निवायच्या आत होईल. फोल्डर बाहेर काढायचं आणि तुझ्या नावाला त्याची नवी जागा दाखवायची.”

“मग कर ना.”

“काकांना विचारून करतो.”

“यात काकांना काय विचारायचंय?”

“लॉगिनचा कोड त्यांच्या मोबाइलवर येतो.”

पलीकडे मशीन बंद झालं. “ओंकार,” प्राजक्ता सावकाश म्हणाली, “माझ्या बाबांनी रिटायर झाल्यावर म्हाळुंग्यात शेड टाकली. मशीनवर सुटे भाग पकडून धरणारे आमचे फिक्श्चर तेव्हापासून मोठ्या कंपन्यांत जातात, पण दुसऱ्याच्या खोक्यातून, दुसऱ्याच्या नावाने. पहिल्यांदा कुणीतरी थेट आमचं नाव विचारलंय. आणि ते नाव सापडतं कुठं, तर तुझ्या काकांच्या मांडवात.”

ओंकारने मान हलवली. फोनवर ती दिसत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

एरवी कोडसाठी तो नुसता फोन करत असे. दादासाहेबांना ते आवडायचं. कार्यालयात चार माणसं बसलेली असली की ते आवाज चढवून म्हणत, “थांबा जरा, पुतण्याचं काम माझ्याबिगर अडलंय,” आणि एकेक आकडा सरकारी लिलाव पुकारल्यासारखा पुकारत. कोड कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नसतं.

पण ओंकारला वाटलं, एवढी मोठी गोष्ट फोनवर कशी सांगायची? समोर जाऊन सांगावी. नंतर त्याने पुष्कळदा विचार केला, आणि आपल्या कारकिर्दीतला सर्वांत महागडा शिष्टाचार हाच, असं त्याचं ठाम मत झालं.

दादासाहेब आपल्या लॉन्सच्या ऑफिसात बसले होते. काकू, कौशल्याबाई, चहा घेऊन आल्या. ओंकारने लॅपटॉप उघडला, लॉगिन सुरू केलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, बन्सी इंजिनिअरिंग आपल्यातून वेगळं काढतोय.”

दादासाहेबांचा कप बशीवर आला. “वेगळं? कुनी काय बोललं का त्या पोरीला?”

“नाही हो काका.”

“जागा कमी पडती?”

“जागा भरपूर आहे.”

“मग सुखासुखी वेगळं कशापायी निघायचं?”

“तुम्ही त्या मॅडमना फोनवर सांगितलंत ना, कंपनी आपलीच आहे म्हणून. त्यांचा गैरसमज झालाय.”

“त्यात गैर काय? तूच दाखवलं हुतं मला. माझं नाव टाकलं, तिरकी रेघ वढली, फुडं बन्सी लिवलं, की कंपनी उघडली. माझ्या नावात हाय म्हंजी आपलीच की! का परक्याची हाय? उलट मी त्या बाईला चांगलं सांगितलं. म्हनलं, पोरगी कष्टाळू हाय, बाप सरळ हाय, डोळं झाकून काम द्या.”

शिफारस खरोखर उत्तम होती. फक्त ती मंगल कार्यालयाच्या मालकाने, कंपनी स्वतःची समजून केली होती.

“काका, ते नाव तिचं, खातं तुमचं आणि फोल्डर...”

“आमी चार भाऊ अजून एका सातबाऱ्यावर हाय,” दादासाहेब म्हणाले. “किती जनांनी कान भरलं. पर माझ्या हयातीत वाटणी न्हाई. आज ही निघाली की उद्या मसालेवाली निघंल, परवा नर्सरीवाला निघंल. मग ऱ्हातं कोन?”

“ही वाटणी नाही. एक फोल्डर इकडचं तिकडे होणार.”

“एक बांध इकडचा तिकडं झाला की काय हुतं, तुला न्हाई म्हाईत. मला हाय.”

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलने टिंग केलं. दादासाहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. “आला तुझा कोड,” ते म्हणाले, आणि मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात टाकून त्यांनी वरचं बटण लावलं.

काकूंनी विचारलं, “आणखी चहा घेतोस का रे?”

ओंकारने घेतला. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

म्हाळुंग्याच्या शेडमध्ये त्याने हे सगळं प्राजक्ताला सांगितलं तेव्हा तिने डोकं धरलं नाही. तिने विचारलं, “नाव माझं आहे ना? त्याला तुझ्या काकांचा कोड लागत नाही ना?”

“नाही. नाव तू दुसरीकडून घेतलंयस. त्याचा काकांच्या खात्याशी संबंध एवढाच, की ते सध्या तिकडे बोट दाखवतं.”

“मग बोट फिरवू. मी माझं खातं घेते.”

हे ओंकारला सुचायला हवं होतं. तो रोज लोकांना पैसे घेऊन हेच समजावत होता, की नाव एकीकडचं आणि जागा दुसरीकडची असू शकते, जागा बदलली तरी नाव जात नाही. पण घरातला माणूस खात्याच्या दारात बसला की दार एकच आहे असं त्याला वाटू लागायचं.

प्राजक्ताने तिथेच टेबलावरचे सुटे भाग बाजूला सारून नवं खातं उघडलं. मुख्य डोमेन कोणतं, या प्रश्नाला ती क्षणभरही थांबली नाही. मोबाइल नंबर तिने स्वतःचा टाकला.

“बन्सीकाकांचा टाकायचा का? मोठे म्हणून?” ओंकारच्या तोंडून निघून गेलं.

लेथवरून तिचे बाबा, बन्सी, म्हणाले, “मला कशाला रं? मला दुपारी झोपायचं असतं.”

आता फोल्डर हवं होतं, आणि इथे ओंकारची आणखी एक कीर्ती उजेडात आली. मूळ प्रत जुन्या लॅपटॉपवर होती. तो विकताना ‘सर्व्हरवर आहेच की’ असं म्हणून त्याने पुसून टाकली होती. सर्व्हरवर होतीच, बंडीच्या खिशाच्या पलीकडे. शेवटी स्वतः बनवलेली साइट त्याने परक्या माणसासारखी ब्राउझरमध्ये उघडली आणि एकेक पान, एकेक फोटो उतरवून घेतला. स्वतःच्या घरात खिडकीतून शिरून स्वतःचीच भांडी बाहेर काढावीत तसं. पानं आली, फोटो आले, चौकशीचा फॉर्म मात्र दिसायला अखंड आणि आतून पोकळ आला; दाबलं तर कुठेच काही जात नव्हतं. तो पुन्हा लिहावा लागला.

मग प्राजक्ताने आपल्या नावाच्या लॉगिनमध्ये जाऊन नव्या खात्याचा पत्ता भरला. नाव लगेच सगळीकडे फिरत नाही, त्याला काही तास लागतात. संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर नवी साइट दिसू लागली. ओंकारच्या फोनवर जुनीच दिसत होती, आणि हे त्याने मनाला लावून न घ्यायचं ठरवलं.

प्राजक्ताने मॅडमना कळवलं: दादासाहेब लॉन्सशी आमचा काहीही संबंध नाही, आमची साइट आमच्या स्वतंत्र खात्यावर आहे.

मॅडमचं उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. संबंध नसेल, तर तुमची सगळी पानं त्यांच्या पत्त्यावर आजही कशी दिसतात?

ओंकारने दादासाहेबांचं नाव टाकलं, तिरकी रेघ ओढली, बन्सी लिहिलं. सगळं जागच्या जागी होतं. नाव गेलं होतं, फोल्डर कुठेच गेलं नव्हतं. जाणार तरी कसं? खोलीवरची पाटी काढून नेली म्हणून खोली पडत नाही. हेही त्याला माहीत होतं. त्याला माहीत नसलेलं काही या प्रकरणात एकदाही आलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

“आता मीही येते,” प्राजक्ता म्हणाली. “बोल तू. मी नुसती उभी राहते.”

लॉन्सवर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी चालली होती. दादासाहेब खुर्ची टाकून मध्ये बसले होते आणि खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. ओंकारने घसा साफ केला.

“काका, सर्व्हरवर तुमचं जे प्रायमरी डोमेन आहे, त्याच्या रूट फोल्डरमध्ये...”

“ए, ती रांग वाकडी हाय!” दादासाहेब मांडववाल्यावर ओरडले. “हां. तू बोल.”

“...त्यात सबफोल्डर असल्यामुळे डुप्लिकेट...”

“अजून वाकडी हाय! दोरी लाव, दोरी!”

ओंकार थांबला. प्राजक्ताने त्याच्याकडे पाहिलं, ठरलेलं सोडून दिलं आणि खुर्चीसमोर आली.

“काका, मी बन्सी इंजिनिअरिंगची प्राजक्ता.”

दादासाहेब चटकन उठले. “अगं, बस की! ए, खुर्ची द्या हिकडं. तुला काय कमी केलं आमी, म्हनून वेगळी निघतीस?”

“तुम्ही काही कमी केलं नाहीत. मॅडमना एवढं चांगलं सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण काका, आमचा माल आजवर दुसऱ्याच्याच नावाने गेलाय. माझ्या बाबांना एकदा स्वतःच्या नावाने द्यायचाय. मॅडम विचारतात, ही कंपनी कुणाची? मी म्हणते आमची. त्या तुमच्याकडे बघतात आणि त्यांना तीच कंपनी तुमच्या घरात दिसते. आज उत्तर गेलं नाही तर आमचं नाव यादीतून जाईल.”

दादासाहेब सावकाश खुर्चीत बसले. मांडववाला दोरी धरून पुढच्या हुकमाची वाट पाहत राहिला.

“बापाच्या नावाचं हाय व्हय,” ते अखेर म्हणाले. “हे या शहाण्यानं सांगितलंच न्हाई. वेगळं काढतोय, वेगळं काढतोय, एवढंच.” त्यांनी ओंकारकडे वळून विचारलं, “काढलं समज. मग माझ्या नावाफुडं बन्सी टाकलं तर काय दिसंल?”

“काहीच नाही. ‘पान सापडलं नाही’ असं येईल.”

“सापडलं न्हाई?” दादासाहेबांचा आवाज मांडवभर गेला. “माझ्या दारात आलेल्या मानसाला सापडलं न्हाई म्हनून सांगायचं? आरं, शेजारच्या लॉन्सचं वऱ्हाड कैक बारीला चुकून आपल्यात शिरतं. आमी काय करतो? पत्रिका बघतो, पानी देतो आन् गडी बरुबर देऊन त्यांच्या मांडवात नेऊन सोडतो. फाटकातून हाकलत न्हाई. तुझ्या त्या कॉम्प्युटरात असा गडी ठेवता येत न्हाई का?”

येत होता. त्याला एक छोटी फाइल लागते आणि तिच्यात एक ओळ: या पत्त्यावर आलेल्याला कायमचं त्या पत्त्यावर पाठवा. शोध घेणारी यंत्रंही ती ओळ वाचतात आणि जुना पत्ता सोडून नवा लक्षात ठेवतात. मॅडमच्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर नव्हतं. लोकांच्या साइटवर ओंकारने ती ओळ कितीदा लिहिली होती. इथे मात्र आठवडाभर तो काढायचं की ठेवायचं, एवढ्यावरच अडून बसला होता.

“येतो ठेवता,” तो म्हणाला.

“मग ठेव. आन् तिची पानं माझ्या हितून काढ. बापाचं नाव हाय, माझ्याकडं कशाला?”

दादासाहेबांनी बंडीचं बटण काढलं. मोबाइल बाहेर आला, कोड आला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा पुकारला गेला. ओंकारने खुर्चीवर लॅपटॉप ठेवून फोल्डरमधली पानं पुसली, त्यात ती एका ओळीची फाइल ठेवली. दादासाहेबांनी स्वतःच्या बोटाने, स्वतःच्या फोनवर, आपलं नाव टाकून तिरकी रेघ ओढली आणि बन्सी लिहिलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग बन्सी इंजिनिअरिंग उघडलं, आणि वरचा पत्ता प्राजक्ताचा होता.

“गेला की सरळ!” ते खूश होऊन म्हणाले आणि फोन मांडववाल्याला दाखवायला निघाले.

प्राजक्ताने तिथेच उभ्या उभ्या मॅडमना मेल लिहिली: जुनी पानं चुकून त्या खात्यात राहिली होती, ती काढली आहेत, आता त्या पत्त्यावरून आमच्या पत्त्यावर पोचता येतं. ‘चुकून’ या शब्दावर तिने ओंकारकडे पाहिलं. त्याने हरकत घेतली नाही.

सोमवारी तिचा फोन आला. कागदावरची तपासणी संपली होती. आम्रपाली मॅडम शेड पाहायला येणार होत्या. बन्सींनी सकाळपासून लेथ पुसायला घेतला होता आणि आता पत्रेही धुवायचे म्हणत होते.

“काकांना शेवटी कसं पटवलंस ते बाबा विचारतायत,” ती म्हणाली.

“मी त्यांना नीट समजावून...” ओंकारने सुरुवात केली.

“तू?”

“बरं, तू सांगितलंस. आणि उपाय काकांनी काढला. मी टायपिंग केलं.”

ती मनापासून हसली. मग म्हणाली, “एक विचारू? तू लॉगिन केलंस तेव्हा मी ती फोल्डरची यादी पाहिली. त्यात तुझ्या स्वतःच्या कंपनीचं पण होतं. तेही काकांच्या आत?”

“हो,” ओंकार म्हणाला. “आहे.”

“मग ते कधी काढतोस बाहेर?”

“काढायचंय की. याच आठवड्यात काढतो. आता त्यात अवघड काही राहिलेलं नाही, नवं खातं घ्यायचं, नावाचं बोट फिरवायचं, इकडे एक ओळ ठेवायची. अर्ध्या तासाचं काम.”

“मग आजच कर.”

“आजच करतो,” ओंकार म्हणाला. “फक्त एकदा काकांच्या कानावर घालतो.”